बाटलीतला खुळखुळा

नमस्कार, श्रोतेहो.

आठ महिन्यांचं बाळ "बा बा" करतं. जवळचं कुणीतरी त्याच्याकडे बघून तसाच आवाज काढतं. बाळ खुदकन हसतं आणि पुन्हा बोलतं. खेळ दोन मिनिटांचा, पण त्यातूनच मेंदूतले धागे जुळत असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही जुळणी ज्या झपाट्यानं होते, तसा वेग पुढे कधीच येत नाही.

गरिबी मुलाचा घास हिरावते, तसा हा खेळही हिरावते. दिवसभर राबून आलेल्या आईच्या अंगात त्राणच उरत नाही. माया मात्र तेवढीच असते. हे मुद्दाम सांगतो, कारण "त्या लोकांना मुलांचं काही पडलेलं नसतं" असं एक समाज दुसऱ्याबद्दल सर्रास बोलतो. ते खरं नाही.

जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, 1986-87 साली एका अभ्यासासाठी 129 मुलं निवडली होती. वय 9 ते 24 महिने, सगळी वाढ खुंटलेली. त्यातल्या काही घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन ती आईजवळ बसायची. रिकाम्या बाटलीत मणी घातले की झाला खुळखुळा. तो कसा वाजवायचा, बाळानं हात पुढे केला की काय बोलायचं, हे ती आईला करून दाखवायची आणि मग आईलाच करू द्यायची. असं दोन वर्षं चाललं.

काही घरांना दर आठवड्याला एक किलो दूध पावडरही मिळत होती. त्या मुलांना आधी फायदा झाला, पण मोठेपणी तो दिसला नाही. खेळाचा दिसला. वीस वर्षांनी खेळ मिळालेली मुलं कमावती झाली, तेव्हा खेळ न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त होती. वाढ न खुंटलेल्या शेजारच्या मुलांची त्यांनी बरोबरी गाठली होती.

म्हणून दूध नको, असं कुणी म्हणू नये. उपाशी बाळ खेळणार कसं? पण मुलांवरच्या खर्चाचा हिशेब शाळेच्या वयापासून मांडायचा, आणि तोवर मूल "नुसतं वाढतंय" असं समजायचं, याची मला खरंच चीड येते.

तुमच्या शेजारी थकून घरी येणारी एखादी आई असेल, तर आज तिच्या बाळाशी थोडा वेळ बोला. ती जवळ बसली, तर तिलाही खेळात घ्या.