टिंगच्या नादी लागू नका

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, आज बोलायचंय पिनबॉलवर, म्हणजे काचेखालच्या उतरत्या टेबलावर धातूचा बॉल उडवून पॉइंट कमवायचा तो खेळ, आणि तेही स्क्रीनवाल्या नव्या मशीनवर नाही बरं का, सत्तरच्या दशकातल्या जुन्या मशीनवर, ज्यात कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही, आत नुसत्या रिले, म्हणजे विजेवर उघडबंद होणारे स्विच, एक मोटर आणि वायरींचं जंजाळ, वर आकड्यांची गरगर फिरणारी चाकं आणि पॉइंट मिळाला की टिंग. मला तो टिंग जाम आवडतो, पण त्यानंच मला कितीतरी दिवस येड्यात काढलं.

कारण काय होतं, बॉल वरच्या बंपरमध्ये, म्हणजे बॉल लागला की त्याला उडवून लावणाऱ्या गोल खांबांमध्ये, सापडला की टिंगटिंगटिंग चालू होतं, आपण खूश, वाटतं पाऊस पडतोय नुसता. आणि बंपर देतो किती? १० नाहीतर १००. तिकडे फ्लिपरच्या, म्हणजे बॉल परत वर मारायच्या खालच्या दांड्यांच्या, वर गुपचूप दिव्यांची रांग पेटत असते, एकेक दिवा १००० चा, तो बोनस. बॉल खाली गेला की मशीन तो एकेक करून मोजतं आणि मग स्कोअरमध्ये घालतं. खरा माल तिथे आहे राव. त्यात डबल बोनस लागला असेल तर १२ दिव्यांचे २४,००० होतात, तेवढे बंपरवर करायला २४० वेळा शंभराचं टिंग लागेल, मोजा तुम्हीच.

म्हणून मशीनसमोर उभं राहिलं की आधी काचेखाली, फ्लिपरच्या पुढे, एक छापील कार्ड असतं ते वाचायचं. कोणी वाचत नाही! त्यात लिहिलेलं असतं की बोनस कशानं वाढतो, डबल कधी होतो, किती स्कोअरला फुकट गेम. समजा लिहिलंय सगळी ड्रॉप टार्गेट, म्हणजे बॉल लागला की खाली पडणाऱ्या पट्ट्या, पाडली की डबल, तर बाकी सगळं सोडून आधी ती पाडायची, ते काम शेवटच्या बॉलवर ढकलायचं नाही.

आता एक गंमत. गॉटलिब नावाच्या कंपनीच्या जुन्या मशीनवर बऱ्याचदा दोन लेनमधला, म्हणजे बॉल जायच्या अरुंद वाटांमधला, दिवा इकडून तिकडे उड्या मारतो, आपल्याला वाटतं मनाला येईल तसं चाललंय, पण तसं नसतं, कुठेतरी १० पॉइंट झाले की दिवा बाजू बदलतो. म्हणजे बॉल फ्लिपरवर धरून ठेवलाय आणि दिवा नको त्या बाजूला आहे, तर आधी हलकेच एखाद्या दहाच्या रबराला लावायचा, दिवा फिरला की मग लेन मारायची. आणि ५०० पॉइंट द्यायचे तर मोटर पाच वेळा शंभर-शंभर मोजते, तेवढ्यात तुम्ही दुसरं शंभराचं काही मारलं तर ते बऱ्याचदा वाया जातं, म्हणून उगाच घाई नको.

बॉल धरून ठेवायचा म्हणजे काय, तर बटण दाबून फ्लिपर वर उचलायचा आणि बटण तसंच दाबून ठेवायचं, बॉल त्याच्या बुडाशी येऊन शांत बसतो, मग श्वास घ्या, दिवे बघा, नेम धरा. दोन्ही बटणं एकदम बडवणारे लोक बघितले की मला कसंतरीच होतं. उलट कधीकधी बटण दाबायचंच नाही, बॉल जोरात एका फ्लिपरवर येतोय तर येऊ द्या, तो टणकन उडून दुसऱ्या फ्लिपरवर जातो आणि वेग निम्मा मरतो. पहिल्यांदा करताना बोट आवरत नाही, शप्पथ.

अजून एक, मशीन एका माणसाचं आहे की चार जणांचं ते बघून घ्या. एकट्याच्या मशीनवर पहिल्या बॉलला पेटवलेले दिवे बऱ्याचदा पुढच्या बॉललाही राहतात, तिथे हळूहळू जमवत जायचं. चौघांच्या मशीनला कोणाचं काय पेटलं होतं ते लक्षात ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक बॉलला पाटी कोरी, तिथे हाताला लागेल ते लगेच उचलायचं.

आणि धक्का! लोकांना वाटतं मशीन हलवणं म्हणजे चीटिंग. अहो, फ्लिपर आलेच मुळी १९४७ साली, गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टीवर, हॅरी मॅब्सनं डिझाइन केलेलं, सहा फ्लिपर होते त्याला. त्याआधी बॉल सोडल्यावर माणसाच्या हातात धक्का सोडून होतं काय? न्यूयॉर्कमध्ये तर १९४२ पासून पिनबॉलला बंदी होती, हा जुगार आहे, नशिबाचा खेळ आहे म्हणून, ती १९७६ ला उठली, तीही रॉजर शार्प नावाच्या माणसानं अधिकाऱ्यांसमोर बॉल कुठे जाणार ते आधी सांगून तिथेच पाठवून दाखवला तेव्हा.

तर धक्का द्यायचा, पण जपून, कारण आत एक लंबक लोंबतोय कड्याच्या मधोमध, तो कड्याला टेकला की टिल्ट, फ्लिपर मेले, आणि जमवलेला बोनसही गेला. म्हणून माझा हिशोब असा, बोनसला दोन-तीनच दिवे आहेत तर हाणा बिनधास्त, बॉल वाचला तर वाचला. पण रांग भरलीय, डबल लागलंय आणि बॉल कडेच्या लेनमधून चाललाय, तर हात वर, जाऊ दे त्याला.

हे सांगतेय मी, पण परवा मैत्रिणीच्या मशीनवर माझे नेमके २४,००० जमलेले, शेवटचा बॉल, तो निघाला कडेनं आणि मी दिली ना कंबर लावून. टिल्ट. मैत्रीण काही बोलली नाही, बोलायची गरजच नव्हती. गेम संपला की मशीन एक मॅचचा आकडा दाखवतं, तो स्कोअरच्या शेवटाशी जुळला तर गेम फुकट, तर मशीननं तो दाखवला, ४०, आणि माझ्या स्कोअरच्या शेवटीही ४०, आतून खाडकन आवाज आला, एक गेम फुकट.