पिन झिजलेली नव्हती

मघाशी प्रास्ताविकात माझी ओळख 'रोबोटवाले' अशी करून दिली. तसं काही नाही हो. मी फिक्श्चर करणारा माणूस. रोबोट विकत मिळतो. पण जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, बसवायची जागा आपल्यालाच घडवावी लागते. तीच फिक्श्चर.

छोट्या रोबोटच्या कॅटलॉगात अधिक-उणे ०.०२ मि.मी. असा आकडा दिसतो. तो एवढंच सांगतो, की शिकवलेल्या जागी रोबोट पुन्हा आला तर फार तर इतका इकडेतिकडे होईल. जॉब तिथं आहे की नाही, याची त्याला गंधवार्ता नसते. जॉब अर्धा मिलिमीटर सरकलेला असेल, तर दर वेळी तितक्याच इमानदारीनं तो चुकीच्या जागी स्क्रू लावेल.

मग जॉबला धरायचं कसं? कुठलीही वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. या सहा चाली अडवायच्या. चूल तीन दगडांची का? तीनांवर पातेलं डगमगत नाही. चौथा ठेवलात की एक कुठला तरी अधांतरी. तसे खाली तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. सातवा लावलात की भांडण सुरू.

जॉबला भोकं असतील तर बाजूच्या टेकूंचं काम दोन पिना करतात. गोल पिन दोन दिशांचं सरकणं थांबवते. उरतं फक्त तिच्याभोवती फिरणं. त्यासाठी दुसरी पिन डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी तासलेली. तासलेल्या बाजू पहिल्या पिनच्या रेषेत ठेवायच्या, म्हणजे दोन भोकांमधलं अंतर थोडं कमीजास्त झालं तरी जॉब बसतो.

एका कारखान्यात अॅल्युमिनियमचं केसिंग लाइनवर अडकायला लागलं. गंमत म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले आठ-दहा नग सुरळीत बसायचे, मग पुन्हा अलार्म. दोन दिवस सगळे रोबोटला शिव्या देत होते. मी केसिंगला हात लावला तर चटका बसला! वॉशिंग मशीनमधून थेट येत होतं, फिक्श्चरपेक्षा तीसेक अंश गरम. अॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २३ हजारांश, वाढतं. भोकांमधलं अंतर ३०० मि.मी., म्हणजे वाढ ०.२ मि.मी. १० मि.मी.च्या एच-७ भोकात जी-६ पिनला (एच-७, जी-६ म्हणजे मापात किती फरक चालेल याच्या ठरलेल्या श्रेणी) मोकळीक किती? ५ ते २९ मायक्रॉन. सुट्टीत कन्व्हेयरवर थांबलेले नग गार व्हायचे, म्हणून बसायचे.

पण गरम नग तर आधीही येत होते. मग खाली वाकून पिना पाहिल्या. दोन्ही गोल! मेंटेनन्सच्या एका मनापासून काम करणाऱ्या मुलाला डायमंड पिन दोन बाजूंनी झिजलेली वाटली, आणि त्यानं नवी कोरी गोल पिन ठोकली. त्याला काय बोलणार? ड्रॉइंगवर कारण कुणी लिहिलंच नव्हतं. ड्रॉइंग माझंच होतं.

जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये स्कारा या जोडणीच्या कामाच्या रोबोट-हाताचा पहिला नमुना केला, त्यातही हीच खुबी आहे. तो हात उभ्या दिशेला ताठ, आडव्या दिशेला किंचित लवचीक. त्यामुळे पिन भोकाच्या कडेला लागली तरी आपोआप आत घसरते.

आमच्याकडे जुनीच पिन परत बसवली. त्या फिक्श्चरवर आता पिवळी पट्टी आहे: 'पिन झिजलेली नाही. बदलू नये.'