गोळी सोडायची, पण कशी?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. बॅगेत सगळं असतं, नैराश्याच्या गोळीची पट्टी मात्र सासरी राहते. कधी विसरून, कधी माहेरी कुणाला दिसू नये म्हणून. दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, तुटक झोप सुरू होते. डोक्यात विजेसारखे झटके येतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हात सगळे म्हणतात, ऊन लागलं. प्रत्यक्षात मेंदूला सवयीचं औषध एकदम मिळेनासं झालेलं असतं.

गोळी सोडावीशी वाटणं रास्तच आहे. वजन वाढतं, घाम येतो, शरीरसंबंधाची इच्छा मंदावते. पण ब्रिटनमधल्या ४७८ रुग्णांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. हे सगळे बरे होते, गोळी सोडायच्या विचारात होते. वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. आजार आधी अनेकदा उलटला असेल, तर घाई नकोच.

सोडायचं ठरलं, तर आधी पट्टीवरची नावं वाचा. एस्सिटॅलोप्राम या नैराश्याच्या औषधाच्या जोडीला क्लोनाझेपाम हे चिंता कमी करणारं, झोप आणणारं औषध असेल, तर एका गोळीत दोन औषधं आहेत. क्लोनाझेपाम अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून दोन्ही वेगवेगळी लिहून घ्या आणि एका वेळी एकच कमी करा.

एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणलं, तर मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो. खरी घसरण ५ वरून शून्यावर जाताना होते. नेमकं तिथेच लोक म्हणतात, आता अर्धीच तर राहिली, टाकून देऊ! म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश हवेत. प्रत्येक टप्प्यावर दोन ते चार आठवडे थांबा, त्रास झाला तर मागच्या डोसवर या. गोळी दिवसाआड घेऊ नका: पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्याची औषधं शरीरातून लवकर उतरतात, मग रोज चढउतार होतो. हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही.

त्रास औषध सुटल्याचा की आजाराचा? पहिला सहसा काही दिवसांत येतो, त्यात चक्कर, झटके असतात. गोळी पुन्हा सुरू केली की बहुधा लवकर ओसरतो. आजार बहुतेकदा आठवड्यांनी, महिन्यांनी, दबक्या पावलांनी परततो. तारखेनिशी वहीत नोंद ठेवा, डॉक्टरांना तीच कामी येते.

मे महिन्याचं ऊन, पेरणीची धावपळ, घरातलं लग्न, या दिवसांत डोस कमी करायला घेऊ नका. दिवस राहिले असतील तर परस्पर गोळी बंद करू नका. आणि जीव नकोसा वाटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर लगेच फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.