टाउन्सचे दर्दी आणि टाउन्सचा अंगठा

(पुण्यातल्या एका श्रवणसभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अमेरिकी गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झांटचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या दारूवर बोलतात. ते मी लगेच उरकून टाकतो. १९४४ साली टेक्सासातल्या फोर्ट वर्थ गावी सधन घरात जन्म. विद्यार्थी असताना मानसिक आजारासाठी इन्सुलिन शॉकचे उपचार, आणि त्यात लहानपणच्या आठवणींचा मोठा भाग पुसला गेला. पुढे दारू, हेरॉइन, आणि १ जानेवारी १९९७ ला, ५२ व्या वर्षी मृत्यू. कंट्री म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीतातला मोठा गायक हँक विल्यम्सही १ जानेवारीलाच गेला होता, ४४ वर्षं आधी. झालं. आता गाण्याकडे येऊ, कारण त्याच्या चाहत्यांशी माझं थोडं भांडण आहे.

जुलै १९७३. ह्यूस्टनमधला ‘ओल्ड क्वार्टर’ नावाचा बार. साठेक माणसांची जागा आणि आत शंभरावर माणसं कोंबलेली. अर्ल विलिस यांनी तिथलं टाउन्सचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि १९७७ मध्ये दोन तबकड्यांचा संच निघाला, ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’. टाउन्स, त्याची गिटार आणि समोर बसलेली माणसं, एवढंच त्यात आहे. सुरुवातीला बारवाला फोन कुठे, सिगारेटचं मशीन कुठे हे सांगून घेतो. आपल्याकडे याची पाटी झाली असती, आणि तीही वाचणाऱ्याचा अपमान करणारी. मग टाउन्स म्हणतो, ही जागा इतकी शांत मी कधी ऐकलीच नव्हती.

त्या शांततेत पहिलंच गाणं येतं, ‘पाँचो अँड लेफ्टी’, दरोडेखोर पाँचो आणि त्याचा मित्र लेफ्टी यांचं. स्टुडिओत ते आधीच, १९७२ मध्ये झालं होतं. त्या तबकडीचं नाव ‘द लेट ग्रेट टाउन्स व्हॅन झांट’, म्हणजे जिवंत माणसाला ‘कैलासवासी थोर’ म्हणण्याचा चावटपणा. १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड यांनी हे गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. चांगलंच गायलंय त्यांनी. पण स्टुडिओतल्या त्या पहिल्या मुद्रणात मागे तंतुवाद्यं येतात आणि कुठे हळहळायचं ते आपल्याला सांगू लागतात. लेफ्टीनं मित्राला पकडून दिलं की नाही, हे गाण्याचे शब्द उघड सांगत नाहीत. वाद्यमेळ मात्र निकाल देऊन मोकळा होतो. नुसत्या गिटारीवर ऐकलं की तो निकाल आपल्याला द्यावा लागतो.

त्याची पहिली तबकडी, १९६८ ची, अशीच सजावटीखाली दबली होती. त्यातली काही गाणी त्यानं पुढच्याच वर्षी पुन्हा, साध्या साथीत करून घेतली. तिच्यावर याहून जास्त वेळ घालवायला नको.

अंगठ्याकडे लक्ष द्या. ह्यूस्टनचाच ब्लूज गायक लाइटनिन हॉपकिन्स, त्याच्या वाजवण्यातून टाउन्सनं हे उचललं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठेका सोडत नाही आणि उरलेली बोटं बारीक तारांवर चाल धरतात. तबलजी आणि पेटीवाला, दोघंही एकाच हातात. आवाज बेताचा आहे त्याचा, वरच्या पट्टीत तर पातळच होतो. तरी गाणं पडत नाही, ते या अंगठ्यामुळे. इथल्या जुन्या मंडळींनी गजाननराव वाटव्यांबद्दल घरी ऐकलं असेल. चाळीसच्या दशकात गणेशोत्सवात भर चौकात पेटी पुढ्यात घेऊन ते बसायचे आणि रस्ताभर माणसं भावगीत ऐकायची. शब्द आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिथेही कुणी नसायचं. फक्त वाटवे कवींच्या कवितांना चाल लावत, आणि टाउन्स शब्दही स्वतःचेच आणायचा.

मग दोन गाण्यांच्या मधे टाउन्स सांगतो तो विनोद. एक दारुडा पोलिसाला सांगतो, माझी गाडी चोरीला गेली. पोलीस विचारतो, शेवटची कुठे पाहिलीस? तो म्हणतो, या किल्लीच्या टोकाला होती की! पुढचा भाग या सभेत सांगण्यासारखा नाही. विनोद फुटकळच आहे. पण जोडीला स्वस्त वाइनवरचं एक गमतीचं गाणं होतं, लोक सैल होतात, आणि सैल झालेल्या माणसाला ‘वेटिन अराउंड टू डाय’, म्हणजे मरणाची वाट बघत बसण्याचं गाणं, कुठे लागतं ते सांगायला नको. ते गाणं ‘हार्टवर्न हायवेज’ या माहितीपटातही आहे. टाउन्स गातोय, शेजारी सेमूर वॉशिंग्टन हा म्हातारा लोहार ऐकतोय, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. टाउन्सच्या चाहत्यांची छायाचित्रं जमवायची तर पहिलं हे.

दुसरा चाहता स्टीव्ह अर्ल, पुढे स्वतःच नावाजलेला गायक-गीतकार. कोवळा पोरगा ह्यूस्टनमध्ये गात होता आणि पुढच्या रांगेतून टाउन्स ओरडत राहिला, ‘वॉबाश कॅननबॉल’ (एक जुनं लोकप्रिय गाणं) म्हण! पोराला ते येत नव्हतं. मग त्यानं टाउन्सचंच ‘मिस्टर मड अँड मिस्टर गोल्ड’ काढलं. पत्त्यांच्या डावावरचं, श्वास घ्यायला जागा नसलेलं गाणं. एक शब्द अडखळला की सगळं कोसळतं. टाउन्स गप्प झाला. पुढे अर्लनं मुलाच्या नावात ‘टाउन्स’ घातलं आणि २००९ मध्ये त्या मुलाबरोबर हेच गाणं ध्वनिमुद्रित केलं.

आता भांडण. अनेक दर्दी शेवटच्या वर्षांतली मुद्रणं जपतात. थरथरणारा आवाज, अर्ध्यात सुटलेली गाणी, ३ डिसेंबर १९९६ चा लंडनच्या ‘बॉर्डरलाइन’मधला शेवटचा कार्यक्रम. त्यात खरेपणा जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. माणूस मोडलेला ऐकू येतो म्हणून गाणं अधिक खरं होत नाही. ‘मिस्टर मड’ न अडखळता म्हणायला, विनोद नेमक्या जागी सोडायला शुद्ध लागते, रियाज लागतो. १९७३ मध्ये ते दोन्ही त्याच्याकडे होतं. तेव्हाचं दुःख त्यानं रचलेलं आहे, आणि म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचतं.

‘ओल्ड क्वार्टर’च्या मालकांपैकी एक, रेक्स बेल, यानं पुढे टेक्सासातल्याच गॅल्व्हेस्टनला त्याच नावाचा कॅफे काढला. तिथे १ जानेवारीला लोक जमून टाउन्सची गाणी गातात. गाणी त्याची, बाटली ज्याची त्याची.

आता ‘ओल्ड क्वार्टर’च्या तबकडीची पहिली बाजू लावतो. मधली बडबड गाळून नुसती गाणी लावा, अशी विनंती आधीच आली आहे. ती मान्य होणार नाही.