कुलाबा ७३, सांताक्रूझ ९४४

(दृश्य: मिठी नदी, कुर्ल्याकडची बाजू. भरतीची वेळ. पाणी संरक्षक भिंतीला लागलेलं.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांत भरले जेमतेम ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांत अंतर असेल वीस-पंचवीस किलोमीटर. कलिना, कुर्ला, वाकोला, साकीनाका पाण्याखाली जात होतं, तेव्हा फोर्टातल्या कचेऱ्यांत पावसाळ्यातला एक साधा मंगळवार चालला होता. त्या पुरात मुंबईनं चारशेहून अधिक माणसं गमावली.

शहराची नालेव्यवस्था तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती. ती क्षमता दुप्पट करण्याचा आराखडा १९९३ मध्येच कागदावर आला होता. नाले समुद्रात जिथं उघडतात, ती कित्येक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की पाण्याला जायला वाट उरत नाही. हे मुंबईकराला कुणी समजावून सांगायला नको.

पण याच पाण्याचा हिशेब ठेवणारा एक उद्योग या शहरात राहतो, विम्याचा. त्याच्याकडे आपण फारसं बघत नाही.

(दृश्य: चर्चगेट, नरिमन पॉइंट, फोर्ट. इमारतींच्या पाट्या.)

फोर्टात महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स आहे, १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी उभी केलेली. नरिमन पॉइंटला ‘योगक्षेम’, आयुर्विमा महामंडळाचं मुख्यालय. चर्चगेटला जमशेटजी टाटा रस्त्यावर ‘सुरक्षा’, म्हणजे जीआयसी री. विमा कंपन्यांनाही स्वतःचा विमा उतरवावा लागतो, त्याला पुनर्विमा म्हणतात, आणि देशातली पुनर्विम्याची सगळ्यात मोठी पेढी हीच. गेली काही वर्षं देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना आपल्या व्यवसायाचा ४ टक्के हिस्सा कायद्यानंच इथं द्यावा लागतो. कोकणातल्या वादळाचा, पंजाबातल्या पुराचा, ओडिशातल्या चक्रीवादळाचा थोडा थोडा भार चर्चगेटच्या या इमारतीत येऊन जमा होतो.

हवामान बिघडतंय हे या धंद्याला इतरांच्या आधी कळलं. म्युनिक री या जर्मन पुनर्विमा कंपनीनं १९७३ मध्येच पुरांवरच्या एका प्रकाशनात वातावरणातला कार्बन डायऑक्साइड आणि वाढतं तापमान यांचा प्रश्न मांडला होता. त्यांनी तो मांडला, कारण तो त्यांच्या ताळेबंदात दिसायला लागला होता. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळलं आणि अनेक विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. ‘मागच्या तीस वर्षांत काय झालं’ एवढंच बघून हप्ता ठरवण्याची पद्धत तिथून मोडीत निघायला लागली. संगणकावर हजारो काल्पनिक वादळं उठवून कुठल्या गल्लीत किती नुकसान होईल याचा अंदाज बांधायला कंपन्या शिकल्या.

मुंबईला अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची फार सवय नव्हती. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं आणि पी-३०५ हा तराफा समुद्रात बुडाला. २६ मे २०२५ ला तर मोसमी पाऊस मुंबईत मेमध्येच दाखल झाला, आणि नव्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. पावसाळ्यापूर्वीची कामं ३१ मेपर्यंत उरकायची, हे शहराचं जुनं वेळापत्रक त्या दिवशी कोलमडलं.

(दृश्य: कुर्ला, एलबीएस मार्गालगतचे गाळे. भिंतीवर पाण्याची रेघ.)

पाणी ओसरलं की गाळ्यात आधी येतो वास, मग येतो विमा कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर. तो भिंतीवरची पाण्याची रेघ मोजतो, भिजलेल्या मालाचे फोटो काढतो, खरेदीची बिलं मागतो. बिलांची फाइल खालच्याच कप्प्यात होती, ती पण भिजली. जीएसटीच्या विवरणपत्रांवरून स्टॉक सिद्ध करावा लागतो. रोखीत घेतलेला माल सिद्ध होतच नाही.

इथं एक नियम दुकानदाराला फार महागात पडतो. समजा, माल आहे वीस लाखांचा आणि विमा उतरवलाय दहा लाखांचा. नुकसान झालं चार लाखांचं. त्याला वाटतं, चार लाख तर दहा लाखांच्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात साधारण दोन. विमा अर्धा, म्हणून भरपाईही अर्धी. छोट्या धंद्यांसाठी २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. कर्ज देताना बँकेनं कर्जाच्या रकमेएवढी पॉलिसी काढून घेतलेली असते, मालाच्या किमतीएवढी नसते. एजंट हप्ता कमी करून देतो, गिऱ्हाईक खूश होतं. या सगळ्याची किंमत जुलैमध्ये कळते.

गाडीचंही तसंच. पार्किंगमध्ये गाडी पाण्यात बुडाली तर सर्वसमावेशक पॉलिसीत भरपाई मिळते. पण बुडालेली गाडी आपण चावी फिरवून सुरू करून पाहिली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि इंजिन निकामी झालं, तर कंपनी म्हणते हे पुरानं झालेलं नुकसान नाही, गाडी सुरू केल्यामुळे झालेलं आहे. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर तो क्लेम बहुधा नाकारला जातो. म्हणून पाण्यातून निघालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. टो करून गॅरेजला न्या, आणि त्याआधी कंपनीला फोन करा.

घरांचं काय? १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी विकावी लागते. पूर, वादळ, पाणी साचणं तिच्यात मुळातच धरलेलं आहे. घराचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांचं कव्हर आपोआप मिळतं. भाडेकरू फक्त सामानाचाही विमा घेऊ शकतो. ही पॉलिसी खरोखर चांगली आहे आणि ती घराघरांत नाही, याचं वाईट वाटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर १८ टक्के तसेच राहिले. ज्या देशाची किनारपट्टी वर्षागणिक वादळं झेलतेय, तिथं पुराच्या विम्यावर कर घेणं पटत नाही.

(दृश्य: क्रांतीनगर, मिठीकाठची वस्ती. पोटमाळ्यावर रचून ठेवलेलं सामान.)

आता मिठीच्या अगदी काठावर या. पाणी चढायला लागलं की इथली माणसं उठवून महापालिकेच्या शाळेत नेतात. दर पावसाळ्यात सामान पोटमाळ्यावर जातं. या वस्तीला सर्व्हेअरची गरज सगळ्यात जास्त, आणि इथंच तो येत नाही. घराची कागदपत्रं नाहीत, बिलं नाहीत, आणि सगळ्यात मोठं नुकसान सामानाचं नसतंच. ते बुडालेल्या रोजाचं असतं. धुणीभांडी करणारी बाई चार दिवस कामाला जाऊ शकली नाही, मासळीवालीचा माल गेला, रिक्षा बंद राहिली. असल्या नुकसानीला पॉलिसीत रकाना नाही.

यावर एक उपाय निघालेला आहे. त्याला पॅरामेट्रिक विमा म्हणतात. यात सर्व्हेअर नाही, बिलं नाहीत. आधीच ठरतं की अमुक ठिकाणी अमुक एवढा पाऊस पडला किंवा पारा अमुक अंशांवर गेला की पैसे थेट खात्यात. गुजरातमध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं २०२३ मध्ये सुमारे २१,००० सभासद महिलांसाठी उष्णतेचा असा विमा सुरू केला. पुढच्या वर्षी तो गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या ५०,००० महिलांपर्यंत गेला. पारा ४० अंशांच्या वर गेला की आधी ४०० रुपये, आणखी ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की विम्याची रक्कम. ४०० रुपये थोडे वाटतील. पण त्या दिवशी उन्हात न जाता घर चालवायला ते उपयोगी पडतात, आणि ते दोन महिन्यांनी नाही, लगेच येतात.

मुंबईत पावसासाठी हे करता येईल? करता येईल, पण सुरुवातीला सांगितलेले दोन आकडे इथं आडवे येतात. कुलाबा ७३, सांताक्रूझ ९४४. करार कुलाब्याच्या पर्जन्यमापकाशी बांधला असता तर त्या दिवशी कुर्ल्यातल्या बाईला एक रुपया मिळाला नसता. दारात छातीभर पाणी, आणि कागदावर पाऊस किरकोळ. या प्रकारच्या विम्याची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

मुंबईकडे त्यावरची सोय मात्र आहे. २००५ नंतर महापालिकेनं अग्निशमन केंद्रं, वॉर्ड ऑफिसं अशा ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली. कुठल्या वॉर्डात किती पाऊस झाला हे काही मिनिटांत कळतं. मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषून घ्यायचा, हे उद्दिष्ट त्यात आहे. माहिती आहे, आराखडा आहे, देशातली सगळ्यात मोठी पुनर्विमा कंपनी याच शहरात आहे. वॉर्डनिहाय पावसाच्या विम्याचा हप्ता महापालिकेनं भरायचा आणि मिठीकाठच्या कुटुंबांना त्यात घ्यायचं, यासाठी आणखी काय हवं? पूर आल्यावर मदत जाहीर करायची, पंचनामे करायचे आणि यादीत नाव नाही म्हणून माणसांनी खेटे घालायचे, यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा आहे.

(दृश्य: ऐरोलीची खाडी, खारफुटी. ओहोटी.)

मेक्सिकोच्या किंताना रू या राज्यानं आपल्या समुद्रातल्या प्रवाळभिंतीचा विमा उतरवला. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की पैसे मिळणार, असा करार. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा चक्रीवादळ आलं, सुमारे ८ लाख डॉलर मिळाले आणि प्रशिक्षण दिलेल्या पाणबुड्यांनी तुटलेलं प्रवाळ जागच्या जागी पुन्हा जोडलं. भिंत टिकली तर लाटांचा जोर कमी होतो, किनाऱ्यावरची हॉटेलं वाचतात, म्हणजे क्लेमही कमी होतात.

मुंबईची भिंत खारफुटीची आहे. २००५ च्या पुरानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या खारफुटीची तोड थांबवणारा आदेश दिला. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष झाला. हे न्यायालयानं आणि कार्यकर्त्यांनी घडवलं. विमा कंपन्या त्यात कुठं होत्या? एखाद्या खाडीतली खारफुटी भरून टाकली की मागच्या वस्तीचा धोका वाढतो, हे त्यांच्या संगणकाला नक्की दिसतं. ते आकडे त्यांनी नियोजनाच्या सुनावण्यांत मांडायला हवेत.

(दृश्य: कोळशाची मालगाडी. मग सौर पॅनेलची शेती.)

आणि एक अवघड गोष्ट. विमा कंपन्या हप्ता गोळा करतात, तशी तो गुंतवतातही. एकट्या एलआयसीकडे ५० लाख कोटी रुपयांहून अधिक मालमत्तेचं व्यवस्थापन आहे. कोल इंडिया आणि एनटीपीसी यांच्या मोठ्या भागधारकांत ती आहे. शिवाय विमा नसेल तर कुठल्याही वीज प्रकल्पाला बँक कर्ज देत नाही. म्हणजे काय उभं राहील आणि काय नाही, याच्या दारावर विमा कंपनी बसलेली आहे. युरोपातल्या काही कंपन्यांनी ते दार कोळशासाठी बंद करायला घेतलं. आलियान्झनं २०१८ मध्ये एकेकट्या कोळसा प्रकल्पांचा विमा उतरवणं थांबवलं. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं निव्वळ शून्यासाठी विमा कंपन्यांची आघाडी झाली. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी स्पर्धा कायद्याचा धाक घालताच २०२३ मध्ये कंपन्या बाहेर पडल्या आणि २०२४ मध्ये आघाडी संपली. भारतात कोळसा एका दिवसात सुटणार नाही, त्यावर लाखो घरं चालतात. पण ज्या पैशावर धूर निघतो आणि ज्या पैशातून पुराची भरपाई द्यायची, तो एकाच पॉलिसीधारकाचा पैसा आहे. त्याला हे विचारायचा हक्क आहे.

कंपन्यांचा स्वभाव आणखी एका बाबतीत ओळखून राहावं. त्यांची बहुतेक पॉलिसी वर्षाची असते. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या बड्या कंपनीनं कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं, वणव्यांचा धोका परवडत नाही हे त्यामागचं एक कारण. घरावरचं कर्ज वीस वर्षांचं आणि विमा बारा महिन्यांचा. उद्या मुंबईतल्या एखाद्या सखल वॉर्डाच्या बाबतीत असं झालं, तर तिथल्या घराची किंमत काय राहील?

(दृश्य: हाउसिंग सोसायटीचं ऑफिस. सूचनाफलक. तळमजल्यावरची मीटर खोली.)

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा सक्तीचा आहे. कशासाठी? आग आणि भूकंप. पुराचं नाव तिथं नाही. मीटर खोली तळमजल्यावर, पाण्याचा पंप तळमजल्यावर, जमिनीखालच्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीला. दोन फूट पाणी साचलं की वीज गेली, प्यायचं पाणी गेलं, लिफ्ट गेली.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत दोन विषय घाला. इमारतीच्या पॉलिसीत पूर आणि पाणी साचणं आहे का, हे सेक्रेटरींनी पॉलिसी उघडून वाचून दाखवावं. आणि मीटर, पंप वर उचलण्याचा खर्च किती येतो याचा अंदाज मागवावा. तो अंदाज घेऊन विमा कंपनीकडे जा आणि लेखी विचारा: हे काम केलं तर आमचा हप्ता किती कमी करणार?