मीठ काढायला समुद्रच कशाला हवा? वऱ्हाडातली खारी विहीर आणि 1930

(विहिरीच्या काठावरून)

राम राम मंडळी! ही आमच्या शिवारातली विहीर. पाणी भरपूर, पण घोट घेतला की थुंकावाच लागतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. आजी म्हणायची, "या पान्यात दाय शिजत नाई, बाप्पा!" याच पाण्यानं इंग्रजांचा कायदा मोडला होता, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. परवान्याशिवाय मीठ काढणं गुन्हा. सावकाराच्या मिठावर जेवढा कर, तेवढाच त्याच्या वावरात राबणाऱ्या सालदाराच्या मिठावर. खरं तर घाम गाळणाऱ्यालाच मीठ जास्त लागतं, आणि गोठ्यातल्या बैलालाही. म्हणून गांधीजींनी नेमका हाच कर धरला. अन्याय कुठे आहे, हे कुणाला समजावून सांगायची गरजच उरली नाही. तो रोजच्या भाकरीत होता.

6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी दांडीला कायदा मोडला. तिथे समुद्र होता, वऱ्हाडात कुठून आणायचा? त्याच एप्रिलात सत्याग्रही अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला जमले. विहिरीचं खारं पाणी उपसलं, आटवलं आणि मीठ काढलं.

(कढई जवळून दाखवा)

काल मी एक बादली पाणी चुलीवर ठेवलं. सरपण संपत आलं तरी पाणी हलेना. शेवटी कडेला पांढरी पापडी धरली, ती उलथन्यानं खरवडली. हे बघा, मूठभरच आहे, मळकट आणि चवीला कडवट. एवढ्याशा मिठासाठी माणसं तुरुंगात जायला तयार होती. कढई हातात धरल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

मग 1930 चा पावसाळा लागला. पावसात मीठ कसं काढणार? पण इकडे जंगल होतं, आणि जंगलाचे जाचक कायदेही होते. गुरं चारायला पैसे, गवताला परवाना. ज्याच्या दारात जनावर, त्यालाच हा जाच कळतो. 10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात गेले आणि विनापरवाना गवत कापलं. त्यांना अटक झाली, तरी विदर्भात ठिकठिकाणी लोक विळे घेऊन जंगलात जातच राहिले.