बेचाळीस किलोमीटर, वर एकशे पंच्याण्णव मीटर

(छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा चौक. अजून अंधार. दिव्यांखाली धावपटूंची गर्दी.)

जानेवारीतला रविवार, पहाटेचे पाच. टर्मिनससमोर पाय ठेवायला जागा नाही. कुणी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळतंय, कुणी मनगटावरच्या घड्याळाला उपग्रह कधी सापडतो याची वाट बघतंय. प्रत्येकाच्या डोक्यात एक वेळ आहे. चार तासांच्या आत, पाचच्या आत. ती वेळ खरी मानायची, तर आधी रस्ता खरा असावा लागतो. ४२ किलोमीटर १९५ मीटर, त्याहून एक मीटरही कमी नाही. ही फिल्म त्या रस्त्याच्या मोजणीची आहे.

(मरीन ड्राइव्ह. आघाडीच्या धावपटूंचा जथा.)

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ची. मुंबईत आजची ही शर्यत पहिल्यांदा झाली १५ फेब्रुवारी २००४ ला. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रमाला २ तास १५ मिनिटं ४७ सेकंदांत जिंकला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं न्यूयॉर्कही जिंकली. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीनं मुंबईत वेळ नोंदवली २:०७:३२. मधल्या वर्षांत रस्ता तोच राहिला नाही. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ मध्ये खुला झाला आणि २०१० पासून मॅरेथॉन त्यावरून जाऊ लागली. तरीही या दोन वेळा शेजारी मांडता येतात, कारण दर वेळी रस्ता नव्यानं मोजला जातो.

हे अंतर मुळात आलं कुठून? १८९६ ला अथेन्समध्ये स्पर्धक धावले ते साधारण ४० किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून व्हाइट सिटीच्या स्टेडियमपर्यंत २६ मैल ३८५ यार्ड झाले, म्हणजेच ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढच्या ऑलिंपिकांत ते पुन्हा बदलत राहिलं, आणि १९२१ मध्ये लंडनचाच आकडा जगभरासाठी पक्का झाला.

(जवळून: सायकलचं पुढचं चाक. आसाशी बसवलेला लहानसा काउंटर.)

आता या चाकाकडे बघा. जगातली कुठलीही मान्यताप्राप्त मॅरेथॉन आजही अशाच सायकलनं मोजतात. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये ही पद्धत नीट मांडली. अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी ती रुजवली. आणि १९७१ मध्ये ॲलन जोन्स यांनी हा काउंटर बनवला, म्हणून याला जोन्स काउंटर म्हणतात. मुठीत मावेल एवढा. चाकाचा आरा त्याला ढकलत नेतो आणि आतली दातेरी चाकं आकडे फिरवतात. चाकाच्या एका फेऱ्याला २३ च्या वर आकडे. म्हणजे एक आकडा साधारण ९ सेंटिमीटरचा, आणि अख्खी मॅरेथॉन सुमारे पावणेपाच लाख आकड्यांची.

पण एका किलोमीटरला नेमके किती आकडे, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. ते त्या सायकलचं, त्या टायरचं, त्या माणसाच्या वजनाचं आणि त्या रात्रीच्या हवेचं असतं. म्हणून आधी सायकलला माप शिकवायचं.

(सरळ, सपाट रस्ता. दोन माणसं स्टीलची टेप ताणून धरतायत.)

त्यासाठी सरळ रस्त्यावर किमान ३०० मीटरचा पट्टा आखतात. स्टीलच्या टेपनं, तीही स्प्रिंग काट्यावर ५ किलोचा ताण देऊन. ताण कमी पडला तर टेप मधे झोळ खाते. टेपवरचं माप २० अंश सेल्सिअसला बरोबर असतं. मुंबईत रस्ता ३० अंशांवर असेल, तर टेप स्वतःच लांबते, आणि ३०० मीटरमागे साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. क्षुल्लक वाटतं? हाच फरक पूर्ण मॅरेथॉनवर नेला की पाच मीटरच्या आसपास जातो. म्हणून रस्त्याजवळ ठेवलेला थर्मामीटर बघून हिशेब दुरुस्त करतात.

मग त्या ३०० मीटरवर सायकल चार वेळा चालवायची. दर वेळी चाकाचा आस खुणेच्या बरोबर वर आणायचा, ब्रेक दाबून चाक जागच्या जागी धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा. चारही फेऱ्यांत दोन-चार आकड्यांपेक्षा जास्त फरक आला, तर चालवणाऱ्याची रेघ सरळ नाही. रस्ता मोजून झाला की परत याच पट्ट्यावर यायचं आणि पुन्हा चार फेऱ्या मारायच्या. या शेवटच्या चार फेऱ्यांचा कंटाळा करून चालत नाही, कारण मधल्या काळात टायर बदललेला असतो. संध्याकाळच्या उकाड्यात ट्यूबमधली हवा फुगलेली, चाक किंचित मोठं. पहाटे गारवा आला की हवा आक्रसते, चाक लहान होतं, तेवढ्याच आकड्यांत सायकल कमी अंतर कापते. नेमकं त्या फरकाएवढा रस्ता आखूड होतो. बारीक पंक्चरनंही तेच होतं. आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांची सरासरी घेतली की ही चूक पकडली जाते.

(रात्र. पोलिसांच्या गाडीमागे एकटी सायकल.)

मोजणी करायची ती रात्री. कारण सायकल जिथून जाणार ती रेघ गाड्या चालवणाऱ्यांची नसते. धावपटूला मोकळ्या असलेल्या रस्त्यातून सगळ्यांत कमी अंतराची वाट कुठली, त्या वाटेनं जायचं. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर. एका वळणाकडून उलट बाजूच्या वळणाकडे जाताना रस्ता सरळ तिरका कापायचा. येणाऱ्या वाहनांच्या अंगावरच जायचं ते, म्हणून पुढे-मागे पोलीस.

(मरीन ड्राइव्ह, वरून.)

मरीन ड्राइव्हची कमान या रेघेची परीक्षा घेते. समुद्राकडची कड ही वळणाची आतली बाजू. काटकोनभर वळणात एखादा १० मीटर बाहेरून धावला, तर तो जवळपास १६ मीटर जास्त धावला. घड्याळात ४२.६ किंवा त्याहून जास्त दिसतं आणि धावपटू म्हणतात, रस्ता लांब होता. रस्ता तेवढा लांब नव्हता. काही मीटर त्यांनी वळणांवर घालवले, काही फोर्टातल्या उंच इमारतींनी उपग्रहाचा सिग्नल उसळवून वाढवले.

(पेडर रोडचा चढ. सायकल हळूहळू वर.)

पेडर रोडला वेगळी अडचण आहे. चढावर वेग मंदावला की हँडल डुलतं. प्रत्येक डुलणं आकडे खातं, आणि मोजलेला रस्ता पुन्हा आखूड होतो. म्हणून हलका गिअर, नजर वीस-पंचवीस मीटर पुढे, आणि घाई नाही. धावपटूंना हा चढ दोनदा लागतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा तिसावा किलोमीटर केव्हाच मागे पडलेला असतो.

(सी लिंक. तारांखालून जाणारी सायकल.)

सी लिंकवर एरवी पायी माणसालाही बंदी आणि दुचाकीलाही. मोजणीच्या सायकलसाठी परवानगी काढावी लागते आणि एक बाजू बंद ठेवावी लागते.

एवढं सगळं करूनही मोजणारा स्वतःवर पूर्ण विश्वास ठेवत नाही, आणि मला ही या कामातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. नियमानं प्रत्येक किलोमीटरच्या आकड्यांत हजारामागे एक एवढी भर घालतात. मॅरेथॉनला ती होते ४२ मीटर. रस्ता आखायचा तो ४२ किलोमीटर २३७ मीटरच्या हिशेबानं, म्हणजे मोजणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी अंतर कमी भरत नाही. धावपटूचे दहा-पंधरा सेकंद जातात. जाऊ देत.

विक्रमासाठी आणखी दोन अटी आहेत. सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. आणि एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको. मुंबईचा रस्ता सुटतो तिथेच जवळ परत येतो, दोन्ही टोकं समुद्रसपाटीशी. त्यामुळे या अटींची चिंता नाही. मोजणीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, पण रस्ता बदलला की त्याच दिवशी संपतं.

(शर्यतीची आदली रात्र. बॅरिकेड उतरवणारे ट्रक.)

आणि खरी गडबड होते ती इथे. कागदावर धावपटूंना डाव्या बाजूच्या दोनच लेन, पण रात्री तीनला बॅरिकेड लावणाऱ्याला ते सांगितलेलंच नसतं. एक कोपरा मोकळा राहिला की सगळे तिथून कापतात. सगळ्यांत घातक जागा म्हणजे यू-टर्नचा शंकू. तो २० मीटर अलीकडे ठेवला, तर जाताना २० आणि येताना २०, असे ४० मीटर गेले. हजारामागे एकची सगळी शिल्लक एका शंकूत संपली. म्हणून ज्यानं मोजलं, त्यानंच शर्यतीच्या पहाटे रस्त्यावरून फिरून प्रत्येक वळण बघायला हवं.

न्यूयॉर्कला १९८१ मध्ये अल्बर्टो सालाझारनं २:०८:१३ ची विश्वविक्रमी वेळ दिली, मागाहून रस्ता दीडशे मीटरच्या आसपास कमी निघाला. ब्रिटनमध्ये मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३ पासून तीन वर्षं ३८० मीटर कमी धावली गेली, आणि हजारोंच्या वेळा रद्द झाल्या.

(दिवसाउजेडी. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेला माणूस. जवळून: खिळा, वॉशर, हातोडी.)

मोजून झालं की सुरुवात, शेवट, यू-टर्न आणि प्रत्येक किलोमीटरला डांबरात एक खिळा ठोकतात, खाली वॉशर घालून. रंगाची खूण एका पावसाळ्यात पुसते. खिळाही टिकेलच असं नाही, कारण या शहरात डांबराचा नवा थर कधी येईल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक खिळ्याची जागा वहीत तीन मापांनी लिहिलेली असते. नंबर असलेल्या दिव्याच्या खांबापासून किती, फुटपाथच्या कोपऱ्यापासून किती, गटाराच्या झाकणापासून किती.

(तोच रस्ता, नवं काळंभोर डांबर. टेप उलगडते.)

खिळा गेला. खांब आहे. पहिल्या मापाची टेप धरली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तिन्ही जिथे मिळतात तिथे खडूची फुली, आणि फुलीवर नवा खिळा.